घरी केलेला कलर फसला: मुळं केशरी, टोकं काळी आणि बारा दिवसांवर लग्न

प्रश्न नागपुरातल्या मानेवाड्याहून आला आहे. थोडक्यात असा: वय ३८. चार वर्षं दर महिन्याला मेंदी, त्यात मधूनमधून पाकिटातली काळी मेंदी. दिवाळीपासून मेंदी बंद. परवा घरीच 'लाइट ब्राउन'चा डबा आणून मुळांपासून टोकांपर्यंत एकदम लावला. मुळांकडचे तीन इंच भडक केशरी झाले, मधले केस लालसर काळे आणि टोकं तर आधीपेक्षाही काळी. मग मोबाइलवर बघून लिंबू आणि खाण्याचा सोडा चोळला, तर केस झाडूसारखे झाले. १२ दिवसांनी भाच्याचं लग्न. बहीण म्हणते ब्लीच करून सगळं एकसारखं कर, सासूबाई म्हणतात काळा लाव आणि मोकळी हो. कोणाचं ऐकू?

ताई, आत्ता या घडीला दोघींचंही ऐकू नका. ब्लीच तर नाहीच नाही. काळ्याबद्दल खाली सांगते, कारण सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. पण पहिले चार दिवस केसांना खाली सांगितलेलं कंडिशनर-खोबरेल सोडून काहीही लावायचं नाही. कलर नाही, मेंदी नाही, दही-अंडं नाही, लिंबू तर अजिबात नाही.

मी २३ वर्षं नागपुरात पार्लर चालवते आहे. सुरुवात महाल भागात घराच्या पुढच्या खोलीत एका खुर्चीवर केली, आता त्रिमूर्तीनगरला आहे. एप्रिल-मे आला की आमच्याकडे दोन प्रकारच्या बायका येतात. एक नटायला आलेल्या, दुसऱ्या डोक्याला दुपट्टा घट्ट गुंडाळून आलेल्या. दुसऱ्या खुर्चीत बसतात आणि दुपट्टा सोडायच्या आधी म्हणतात, "हसू नका हं." हसण्यासारखं काही नसतं. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: यांच्यातल्या बहुतेकींचं नुकसान पहिल्या डब्यानं केलेलं नसतं. पहिल्यानं नुसता रंग बिघडतो. घाबरून त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी जो दुसरा डबा उघडला जातो, त्यानं केस जातात. तुम्ही दुसरा डबा अजून उघडला नाही, लिंबू-सोड्यावरच थांबलात. म्हणून तुमचं काम अवघड नाही.

आता झालं काय ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढे मी जे सांगते त्यामागचं कारण कळेल.

तुमच्या डोक्यावर आज एक नाही, तीन प्रकारचे केस आहेत. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. दिवाळी ते मे, साडेसहा महिने धरा, म्हणजे झाले तीन इंच. जे तीन इंच केशरी झाले ते नेमके हेच, मेंदी न लागलेले कोरे केस. तुम्ही मेंदी कधी बंद केली हे लिहिलं नसतं तरी मी पट्टीनं मोजून सांगितलं असतं.

डब्यातला कलर एकाच वेळी दोन कामं करतो. अमोनिया केसावरचे खवले उघडतो, सोबतच्या बाटलीतल्या डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड आतला नैसर्गिक काळा रंग फोडतं, आणि त्याच वेळी नवा रंग आत तयार होत असतो. आपल्या काळ्या केसातला रंग फुटायला लागला की त्यातून सरळ ब्राउन निघत नाही. आधी लाल दिसतो, मग केशरी, मग पिवळा. कलरच्या भाषेत १ नंबर म्हणजे ठार काळा आणि १० म्हणजे पिवळट सोनेरी. आपल्याकडच्या बायकांचे केस बहुधा २ किंवा ३. लाइट ब्राउन म्हणजे ५. तुमचे कोरे केस २-३ वरून ५ कडे चढले, म्हणजे फिकट झाले, कदाचित थोडे पुढेही गेले, आणि आतला केशरी उघडा पडला. तो झाकायला जेवढा राखाडी-निळसर रंग लागतो तेवढा त्या डब्यात नव्हता. डब्यावरच्या फोटोतल्या बाईचे केस मुळात कोणत्या नंबरचे होते, हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

त्यात टाळूची ऊब. मुळाजवळचा पहिला अर्धा-पाऊण इंच अंगाच्या उष्णतेनं भराभर चढतो. म्हणून कोऱ्या केसांवर फिकट शेड करताना आम्ही आधी लांबीला लावतो आणि मुळांना सगळ्यात शेवटी. तुम्ही मुळांपासून सुरुवात केली असणार, सगळेच करतात. आणि महिना मे. बाहेर ४५ अंश आणि घरात कूलर. इथे एक आमचं नागपुरी दुखणं सांगते: कलर लावून कूलरसमोर बसू नका हो! ज्या बाजूला वारा लागतो तिकडचा कलर सुकतो, आणि सुकलेला कलर पुढे काम करत नाही. दुसरी बाजू गरम राहते, ती चढत जाते. दरवर्षी एक तरी डोकं असं येतं, डावी बाजू एका शेडची आणि उजवी दुसऱ्या. मी विचारते, "कूलर कोणत्या बाजूला होता?" आणि बाई चकित होते.

मधल्या आणि खालच्या केसांची गोष्ट वेगळी. मेंदीतला रंगद्रव्याचा भाग, त्याला लॉसोन म्हणतात, तो केसातल्या केराटिन या प्रोटीनला घट्ट चिकटतो. मेंदी धुऊन जात नाही, फार तर वरचा भडकपणा उतरतो. आणि आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की कलर कलरला काढत नाही. नैसर्गिक रंग कलरनं हलतो, पण आधी लावलेला कृत्रिम रंग हलत नाही. मेंदीचे थर असलेल्या केसांवर लाइट ब्राउन लावला तर तो त्यांना फिकट करू शकत नाही, वरून आणखी एक थर देतो. टोकं चार वर्षांची जुनी, मेंदी, ऊन आणि इस्त्री खाल्लेली, खवले उघडे पडलेली. अशी टोकं कलर स्पंजासारखा ओढून घेतात. म्हणून ती सगळ्यात काळी.

आता बहिणीचं ब्लीच. साधी, शुद्ध मेंदी असती तरी ब्लीचनं ती केशरीपर्यंत येऊन अडून बसते, पुढे नेता नेता केस तुटतात. पण तुमची खरी अडचण आहे ती पाकिटातली काळी मेंदी. मेंदीचं पान काळा रंग देत नाही. ते एकच रंग देतं, लालसर तपकिरी. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवली तर लोह आणि चहातलं टॅनिन मिळून थोडी गडद होते, एवढंच. पाकीट जर तासाभरात काळेभोर केस करत असेल, तर त्यात मेंदीशिवाय दुसरं काहीतरी आहे. कधी नीळ म्हणजे इंडिगोची पावडर असते, कधी पीपीडी, म्हणजे पॅरा-फेनिलिनडायमिन, जे कलरच्या डब्यातही असतं, आणि कधी धातूचे क्षार. इंडिगो असलेल्या केसांवर ब्लीच लावलं तर हिरवट झाक येते आणि ती घालवणं म्हणजे मोठं काम. धातूचे क्षार असले तर पेरॉक्साइडशी त्यांची प्रतिक्रिया होऊन केस गरम होतात.

गरम होतात म्हणजे काय, ते मी हातानं अनुभवलं आहे. धंद्याचं तिसरं वर्ष होतं. एका बाईंना हायलाइट्स हवे होते, मी विचारलं, "मेंदी लावता का?" त्या म्हणाल्या, "हर्बल लावते, त्यात काही नसतं." मीही पुढे विचारलं नाही. फॉइल लावून दहा मिनिटं झाली नाहीत तोच एक फॉइल हाताला चटका बसेल इतकी तापली आणि कसलातरी जळका वास यायला लागला. धावत जाऊन बेसिनवर धुतलं. तरी त्या बाजूच्या चार-पाच बटा टाळूपासून चार बोटांवर तुटून हातात आल्या. बाई भल्या, भांडल्या नाहीत. पुढे दीड वर्ष त्या केस कापायला माझ्याकडेच येत होत्या आणि मी पैसे घेत नव्हते. तेव्हापासून माझ्याकडे मेंदी लावणारी बाई आली की आधी पाकीट मागते. पाकीट नसेल तर केस मागते.

केस मागते म्हणजे चाचणीसाठी. मानेजवळून आतल्या बाजूची वीस-पंचवीस केसांची बट कापायची, काचेच्या पेल्यात ३० मिली ६ टक्क्यांचा डेव्हलपर आणि त्यात २० थेंब तीव्र अमोनिया, त्यात ती बट अर्धा तास. पेला गरम झाला, बुडबुडे आले, उग्र वास सुटला किंवा केसाचा रंग झरझर बदलला तर त्या केसांवर पेरॉक्साइडवालं काहीही लावायचं नाही, ते वाढून कापले जाईपर्यंत. चांदीचे क्षार असले तर बाहेरून काहीच फरक दिसत नाही, केस जसेच्या तसे राहतात. म्हणून "काही झालं नाही" याचा अर्थ "सगळं ठीक" असाही लगेच घेऊ नये. ही चाचणी घरी करू नका, तीव्र अमोनियाचा वास डोळ्यांत-छातीत जातो. कोणत्याही नीट पार्लरमध्ये सांगा, करून देतील. नाही म्हणाले तर दुसरं पार्लर बघा.

एक चाचणी मात्र घरी होते आणि आजच करा. एक केस ओला करून दोन्ही हातांच्या चिमटीत धरा आणि हळूच ताणा. थोडा ताणून परत जागेवर आला तर केसात जीव आहे. शिजवलेल्या शेवईसारखा लांबत गेला आणि आलाच नाही, किंवा ताणताच तुटला, तर लग्नाआधी कोणतंही रसायन नको, माझं खालचंही नको. तसं असेल तर अंबाडा, गजरा आणि मुळांना रंगाची पावडर किंवा रूट टचअप स्प्रे, जो धुतला की जातो. लग्नाच्या फोटोत कुणालाही कळत नाही, मी कित्येक जणींना असंच बसवलं आहे.

लिंबू-सोड्याचं काय करायचं? तो विषय दोन वाक्यांत संपतो. लिंबू आम्ल, सोडा अल्कली, एकत्र केले की फसफसतात आणि एकमेकांना मारतात. उरलेल्या सोड्यानं खवले उघडून केस खरखरीत होतात, रंग तसाच राहतो. आता आठवड्यातून दोनदाच, सल्फेट नसलेल्या सौम्य शॅम्पूनं धुवा, कंडिशनर पाच मिनिटं ठेवा, आणि धुण्याच्या आदल्या रात्री टोकांना खोबरेल लावा. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रोटीन निघून जाणं कमी करतं, आईचं ते सांगणं बरोबरच होतं. फक्त कढत तेलानं चंपी नको, टाळू आधीच हुळहुळा असेल.

बेसा-मानेवाडा पट्ट्यात पुष्कळ घरं बोअरच्या पाण्यावर आहेत. तुमच्याकडेही बोअर असेल तर शेवटची धुणी नळाच्या पाण्यानं करा. जड पाण्यातले क्षार केसावर बसतात, खरखर वाढते आणि पुढचा टोन नीट बसत नाही. बादलीभर नळाचं पाणी बाजूला ठेवलं की झालं.

आता सासूबाईंचा काळा. दिशा त्यांची बरोबर आहे. मेंदीचे केस वर येणार नाहीत, म्हणून केशरी मुळांना खाली आणायचं, खालच्या केसांना भेटवायचं, हाच १२ दिवसांतला एकमेव शहाणा मार्ग. चूक आहे ती नंबरात. डब्यातला ठार काळा म्हणजे १. तो तुमच्या चढलेल्या, तहानलेल्या मुळांवर बसला की निळसर काळा होतो, विगसारखा दिसतो, आणि मग पुढची दोन वर्षं तुम्ही त्या काळ्याच्या गुलाम. दर पंधरा दिवसांनी भांगातले पांढरे त्या काळ्यापुढे जास्तच उठून दिसतात. काळा लावणं पाच मिनिटांचं काम आहे, काढायला माझ्यासारखीला पूर्ण दुपार लागते, आणि तुमच्या मेंदीच्या केसांतून तर तो निघणारही नाही.

तुम्हाला हवा आहे ४ नंबर. अमोनिया नसलेला, टोन-ऑन-टोन म्हणतात तो प्रकार, जो वर चढवत नाही, फक्त रंग ठेवतो. त्याच्या सोबत येणारा डेव्हलपर कमी ताकदीचा असतो, ३ टक्के म्हणजे १० व्हॉल्यूम किंवा त्याहूनही कमी. घरात उरलेला ६ टक्केवाला, म्हणजे २० व्हॉल्यूम, त्यात मिसळू नका, मुळं पुन्हा चढतील. नागपुरात सीताबर्डीवर आणि इतवारीत पार्लरचं सामान विकणाऱ्या दुकानात ट्यूब सुट्या मिळतात, त्याच घ्या. घरगुती डब्यात शेड मिसळायला वाव नसतो.

ट्यूबवर ४ किंवा ४.० असेल तर तो साधा ब्राउन. ४.१ असेल तर बहुतेक कंपन्यांत तो अ‍ॅश, म्हणजे निळसर-राखाडी झाक असलेला ब्राउन. केशरीला निळा मारतो, पिवळ्याला जांभळा आणि लालला हिरवा, एवढं गणित पुरे. (म्हणूनच जांभळा शॅम्पू तुमच्या काही कामाचा नाही. तो पिवळ्या केसांसाठी असतो. सगळ्या पोट्ट्या तोच घेऊन येतात.) दोन भाग ४ आणि एक भाग ४.१ असं मिश्रण करा. नुसता ४.१ का नाही? तुमचं वय बघता कानशिलाजवळ पांढरे असणारच. नुसता अ‍ॅश पांढऱ्यांवर पाटीच्या पेन्सिलीसारखा दिसतो. साध्या ४ नं त्यांना थोडा पाया मिळतो. तरी एक सांगून ठेवते, टोन-ऑन-टोन पांढरे शंभर टक्के झाकत नाही, थोडे अर्धपारदर्शक राहतात. ते चालवून घ्या. लग्नात कोणी कानशिलात डोळा घालून बघत नाही.

कधी करायचं? लग्नाला सात दिवस राहिले की कानामागे थोडं मिश्रण लावून ४८ तास बघा. "आत्ताच तर कलर लावला, काही झालं नाही" हे कारण चालत नाही. या रसायनांची अ‍ॅलर्जी दहाव्या वेळेलाही सुरू होऊ शकते, आणि काळ्या मेंदीतून आधी संवेदना तयार झालेली असेल तर जोरातच होते. त्याच दिवशी मुळांतल्या आतल्या एका बटेवर रंगाचीही चाचणी करा आणि किती मिनिटांत हवा तो रंग आला ते घड्याळावर लिहून ठेवा. मग लग्नाला पाच दिवस उरलेले असताना खरा कलर. चार दिवस शिल्लक म्हणजे एक धुणी होते, कपाळावरचे डाग जातात, आणि चुकलंच तर माझ्यासारखीकडे यायला वेळ उरतो.

लावण्याची पद्धत. केस दोन दिवसांपूर्वी धुतलेले, कोरडे, विंचरलेले. कपाळाच्या कडेला, कानांवर व्हॅसलिन. वाटी आणि ब्रश प्लास्टिकचे, स्टीलची वाटी नको. केसांचे चार भाग करा, मधून आडवा आणि उभा भांग पाडून. कानशिलाजवळचे पांढरे आधी, मग जिथे सगळ्यात भडक केशरी आहे ते, बहुधा माथ्यावर. कपाळावरची बारीक लव अगदी शेवटी, ती झटकन गडद होते. पातळ पातळ बटा घ्या, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको. आणि हे महत्त्वाचं: ब्रश केशरी संपतं तिथे थांबला पाहिजे. खालच्या काळ्या केसांना "थोडं लागलं तर लागू दे" म्हणत ओढू नका. त्यांना आणखी एक थर नको आहे. खालच्या केसांना आधीच भरपूर कंडिशनर लावून ठेवला तर चुकून लागलेला कलरही कमी बसतो.

मागच्या केसांना स्वतःचा हात पोचत नाही. मुलीला, जावेला, कोणालाही उभं करा. एकटीनं करायला जाल तर मागे पट्टे पडतील आणि ते तुम्हाला सोडून सगळ्या मांडवाला दिसतील.

मग दर पाच मिनिटांनी एक बट ओल्या टिश्यूनं पुसून पांढऱ्या टॉवेलवर ठेवून बघा. ओला केस कोरड्यापेक्षा गडद दिसतो, हे लक्षात ठेवा. चाचणीत १५ मिनिटं लागली असतील तर इथेही तेवढीच, पण डोळा घड्याळापेक्षा केसावर असू द्या. पंखा, कूलर बंद. गरम होईल, काय करणार, पंधरा-वीस मिनिटांचा प्रश्न आहे. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत हातावर थोडं पाणी घेऊन मुळांतला कलर चोळून फेस करा आणि तो जोडरेषेवरून एकच इंच खाली उतरवा. त्यानं केशरी आणि काळ्यामधली रेघ पुसट होते. मग धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. शॅम्पू त्या दिवशी नको.

निकाल काय येईल तेही खरं सांगते. मुळांना चॉकलेटी ब्राउन, खाली जाता जाता गडद, टोकं काळपट. एकसारखं होणार नाही. पण मुळं जरा फिकट आणि टोकं गडद हे उलटं असलं तरी फरक एका नंबराचा राहिला तर उन्हातसुद्धा तो रंगाच्या गडबडीसारखा दिसत नाही. टोकांचा इंच-दीड इंच कापून घ्या. तेवढ्यानं जे होईल ते कोणत्याही मास्कनं होणार नाही.

तुम्ही नवरदेवाची मावशी, म्हणजे हळदीला तुम्हाला सोडणार नाहीत. चढवलेले केस हळदीचा रंगही ओढून घेतात. कानशिलावर पिवळे डाग घेऊन स्वागत समारंभाला बसलेल्या दोन मावश्या मी पाहिल्या आहेत. हळदीला जाण्याआधी कपाळाच्या कडेला आणि भांगात खोबरेलाचं बोट फिरवा, वरून पदर घ्या. लागलीच तर घाबरू नका, हळद उन्हानं आणि दोन धुण्यांत उतरते. तोवर मात्र उन्हात फिरताना डोकं झाका, कारण उन्हानं तुमचा अ‍ॅशही उतरतो आणि केशरी परत डोकावतो. स्कूटीवर आपण दुपट्टा बांधतोच, तो नुसता तोंडाला नाही, पूर्ण माथ्यावरून घ्या. केस सरळ करायची मशीन लावणार असाल तर १८० अंशांच्या खाली, आणि एका बटेवरून एकदाच.

हाच प्रश्न वेगळ्या रूपात घेऊन येणाऱ्यांसाठी थोडं. मेंदी कधीच लावली नाही, फक्त कलर हवा त्यापेक्षा गडद आला, आणि लावून तीन दिवसही झाले नाहीत, तर कोंड्याचा शॅम्पू किंवा डीप क्लीन शॅम्पू दोन-तीनदा वापरून तो अर्ध्या नंबरानं उतरतो. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कुटून शॅम्पूत घालून लावतात, तेही ताज्या कलरवर थोडं चालतं, पण केस कोरडे करतं. त्याहून जास्त हवं असेल तर कलर रिमूव्हर मिळतो, सडक्या अंड्याचा वास येतो, आणि सांगितलं तितका वेळ धुतलं नाही तर रंग दोन दिवसांत परत गडद होतो. मेंदीवर तो काम करत नाही, म्हणून तुम्हाला वर सांगितला नाही. बर्गंडी फार लाल झाली असेल तर साधा ब्राउन टोन-ऑन-टोन, झाकता येते. आणि फरशी धुण्याचं ब्लीच केसांना लावल्याचं उदाहरण माझ्याकडे आलेलं आहे, ते केस नव्हतेच मग, कापसाचा बोळा होता.

कानामागे खाज, पुरळ आलं तर सगळा बेत रद्द. आणि कलर लावल्यावर कधीही डोळ्यांच्या पापण्या, चेहरा सुजायला लागला, टाळूवर पाणी सुटलं, तर पार्लरला फोन करायचा नाही, त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, दोन्हीकडे त्वचारोग विभाग आहे. श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर थेट तातडीच्या विभागात. अशी प्रतिक्रिया एकदा झाली की पीपीडी असलेला कलर आणि काळी मेंदी, दोन्ही कायमचं बंद.

लग्न झाल्यावर काय, असं विचाराल. मेंदीचे केस वाढू द्या आणि दर दोन-अडीच महिन्यांनी दोन इंच कापत राहा. मधल्या काळात मुळांना महिना-दीड महिन्यानं हाच ४ नंबर. खांद्यापर्यंत आलात की मग लाइट ब्राउनचं बोलू, तेव्हा तो तुमच्या केसांवर खरोखर येईल. सरळ पार्लरमध्येच जायचं ठरवलंत, माझ्याकडे किंवा कुठेही, तर दोन पाकिटं घेऊन जा, त्या काळ्या मेंदीचं आणि त्या कलरच्या डब्याचं. दिवसा उजेडात जा, पार्लरच्या पिवळ्या दिव्यात केशरी खरा दिसत नाही. आणि जाताना डोक्याला तेल लावून जाऊ नका, अर्धा तास धुण्यातच जातो.